एप्रिलचा अंदाज, मेचा पाऊस आणि मामाच्या विटा

"यंदा मे महिना आख्खा तापतोय म्हणालेत, अजून एक भट्टी लावूया की." मामा हे बोलला तेव्हा 2025 च्या एप्रिलचा पहिला आठवडा चालू होता, आम्ही अंगणात बसलेलो, मामीनं कैरीची डाळ केलेली, आणि ती उन्हाळ्याची बातमी मोबाईलवर मीच त्याला वाचून दाखवली होती. एप्रिल ते जून देशाच्या बऱ्याच भागात कमाल तापमान नेहमीपेक्षा जास्त राहणार, उष्णतेच्या लाटेचे दिवसही जास्त, असं हवामान खात्यानं सांगितलेलं. बातमी खरी होती. तरी सुद्धा मेमध्ये मामाच्या अठरा एक हजार विटांचा चिखल झाला. हे कसं झालं ते मी नंतर बसून तारखेवार जुळवलं, आणि आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर, हातकणंगले, शिरोळ भागात ज्यांचं पोट उघड्यावरच्या कामावर आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी धंदा समजून घ्या. पंचगंगेच्या काठाला मामाची वीटभट्टी आहे, आज्जापासूनची. दिवाळी झाली की माती टाकायची, मळायची, त्यात राख आणि बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, मिसळायचं, मग थापणाऱ्या जोड्या येतात, नवरा बायको मिळून एक जोडी, एक जोडी दिवसाला साधारण हजार विटा पाडते. ओली वीट आधी आडवी पडून असते, जरा आवळली की उभी करायची, मग चट्टे, म्हणजे थप्प्या, लावायचे, आठ दहा दिवस कडक ऊन मिळालं की भट्टी रचायची आणि पेटवायची. म्हणजे थापल्यापासून पेटवेपर्यंत वीट म्हणजे नुसती वाळलेली माती. त्या काळात पंधरा मिनिटं जोराचा पाऊस पडला की विषय संपला. आज्जाचा एक नियम होता, अक्षय तृतीयेला साचा धुवून ठेवायचा, त्यानंतर एक वीट पाडायची नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा वळीव कुणाच्या बापाचा नसतो.

2025 ला अक्षय तृतीया 30 एप्रिलला होती. मामानं त्या दिवशी साचा धुतला नाही.

त्याचं गणित चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मागणी होती, दोन बांधकामवाल्यांनी ॲडव्हान्स दिलेला, चार जोड्या आणखी पंधरा दिवस थांबायला तयार होत्या, आणि वर ऊन तर असं की सकाळी नऊला पायताण न घालता खळ्यावर पाय ठेवता येत नव्हता. 45 हजार विटांचा एक जादा हप्ता, 10 मे पर्यंत थापून पूर्ण, 20 मे च्या आत भट्टी पेटवायची, आणि पाऊस काय मिरगाला येणार म्हणजे 7 जून, तोपर्यंत माल विकून मोकळे. असं ठरलं.

आता तो अंदाज नक्की काय सांगत होता ते बघू, कारण सगळी मेख तिथं आहे.

पहिली गोष्ट, हंगामाचा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल असतो. सरासरी कमाल तापमान जास्त राहण्याची शक्यता, एवढंच. समजा 60 टक्के शक्यता म्हटली तर उरलेले 40 टक्के कुठं गेले? ते नॉर्मल किंवा नॉर्मलच्या खाली राहण्याचे आहेत. बातमीच्या हेडलाईनला ते 40 टक्के बसत नाहीत. शिवाय सरासरी जास्त असली तरी मधे पाच संध्याकाळी धो धो वळीव पडू शकतो, दुपारी 39 आणि सहा वाजता गारठा, दुसऱ्या दिवशी परत 37, महिन्याच्या सरासरीला त्याचं काही वाटत नाही पण विटेला एकच संध्याकाळ पुरते.

दुसरी, प्रदेश. हवामान खात्याच्या हिशोबात आपण मध्य महाराष्ट्र उपविभागात येतो. त्यात नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली आणि शेवटी आपण. जळगावला उन्हाळ्यात 44-45 होतं, आपल्याकडं एप्रिलचं सरासरी कमाल 37-38 च्या आसपास, 40 म्हणजे पेपरात फोटो येतो. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, पश्चिमेला सह्याद्री लागूनच, संध्याकाळी समुद्राकडचं वारं येतं. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला तापमान किमान 40 लागतं आणि वर सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त लागतं, नाहीतर मग थेट 45 लागतं. म्हणजे कोल्हापुरात लाट जाहीर होणं मुळातच अवघड. म्हणून "मध्य महाराष्ट्रात लाटेचे दिवस जास्त" ही ओळ जळगावकरानं जशी वाचायची तशी आपण वाचून चालत नाही. याचा अर्थ आपल्याकडं त्रास नाही असा अजिबात नाही, त्याबद्दल पुढं लिहितो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागून राहिली. हा अंदाज दर महिन्याच्या शेवटी नवा निघतो. 30 एप्रिलला, म्हणजे बरोब्बर अक्षय तृतीयेच्या दिवशी, मेचा अंदाज आला. त्यात तापमान बऱ्याच ठिकाणी जास्त हे होतंच, पण सोबत स्पष्ट लिहिलं होतं की देशात मेमधला पाऊस सरासरीच्या 109 टक्क्यांपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे. मृत्युंजय महापात्रा, हवामान खात्याचे तेव्हाचे महासंचालक, त्यांनी स्वतः पत्रकार परिषदेत हे सांगितलं, लपवलेलं काही नव्हतं. आम्ही तो बघितलाच नाही. आमच्या डोक्यात एप्रिलची हेडलाईन बसलेली आणि बाहेर ऊन पण तसंच पडत होतं त्यामुळं नवीन काही बघायची गरज कुणाला वाटली नाही. खरं तर एप्रिलच्या त्या पहिल्या आठवड्यातच राज्यात अवकाळी आणि गारपिटीचे इशारे होते, तेव्हाच खडबडून जागं व्हायला पाहिजे होतं.

आणि ऊन आणि वळीव ही दोन वेगळी खाती नाहीत. जमीन जितकी तापेल तितकी हवा जोरात वर चढते, त्यात अरबी समुद्राकडून नाहीतर बंगालच्या उपसागराकडून ओलावा आला, आणि मराठवाड्यातून खाली कर्नाटकात कमी दाबाची ती द्रोणीय रेषा पसरलेली असली, की दुपारी तीन नंतर ढग उभे राहायला लागतात. नुसतं ऊन असेल आणि हवा कोरडी असेल तर काही होत नाही. पण अंग चिकट व्हायला लागलं, सकाळी सातलाच घाम फुटला, तर समजायचं ओलावा आलाय. आमच्याकडं वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून चढतो, सांगली कागलकडचं आभाळ काळं होतं. पावसाळ्यात बरोबर उलटं, तेव्हा गगनबावड्याकडं बघायचं. आज्जा दुपारी चहा घेताना तोंड पूर्वेला करूनच बसायचा.

आता मधला एप्रिल. जोतिबाची यात्रा 12 एप्रिलला झाली, त्यानंतर उन्हानं खरा ताप दिला. थापणारी माणसं पहाटे तीनला उठतात, विजापूरकडची कानडी माणसं, बल्ब लावून काम चालतं आणि दहाला थांबायचं हा रिवाज. जादा हप्ता घ्यायचं ठरल्यावर मुकादमानं वेळ वाढवली, दहाची बारा झाली. मे लागल्यावर दुसऱ्याच दिवशी एक काकी साचा हातात घेऊनच खाली बसल्या. घामानं भिजलेल्या, पोटऱ्यांना गोळे, उलटीसारखं होतंय म्हणाल्या. आम्ही आंब्याखाली नेलं, ओला टॉवेल मानेवर, मीठ साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं, मग दवाखान्यात सलाईन. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. अंग गरम तव्यासारखं झालं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात, तिथं पाणी पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी ओतत ओतत गाडीत घालायचं. त्या दिवशी कोल्हापूरचं तापमान 40 नव्हतं, कुठलाही लाटेचा इशारा नव्हता. दमट हवेत घाम वाळत नाही, घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, आणि त्यात चिखलात वाकून काम. इशारा नाही म्हणजे ऊन सोसण्यासारखं आहे असं कुणी समजू नका. त्या दिवसापासून वेळ परत दहावर आणली, मामीनंच आणली, मामाला न विचारता.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहिला वळीव आला. दहा मिनिटांचा. खालच्या अंगाच्या पाच सहा हजार विटा गेल्या, बाकी कागदाखाली वाचल्या. मामा म्हणाला चालतंय, एवढं धरलेलंच असतं.

आता "तुरळक" या शब्दाबद्दल. त्या आठवड्यात रोजच्या बुलेटिनमध्ये "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी 40 ते 50 किमी" असं येत होतं, येलो अलर्ट. मामा ते वाचून म्हणायचा, "तुरळकच हाय की रं, शिंतडून जाईल." मला पण तेच वाटायचं. हा गैरसमज मी नंतर बऱ्याच शिकलेल्या माणसांत पण बघितला. तुरळक हा शब्द पावसाला नाही, ठिकाणांना लावलेला आहे. विभागातल्या चारातल्या एका केंद्रापर्यंत, म्हणजे 25 टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस, त्याला म्हणतात तुरळक ठिकाणी. 26 ते 50 म्हणजे काही ठिकाणी, 51 ते 75 बऱ्याच ठिकाणी, त्याच्या वर बहुतांश ठिकाणी. ज्या एका ठिकाणी पडेल तिथं तो झाडं पाडून जाईल एवढा पण असू शकतो. वळीव असाच असतो, फुलेवाडीत पूर आणि शिरोलीत धुरळा. त्यामुळं तुरळक वाचून निवांत व्हायचं नसतं. उलट विचारायचं की त्या चारातला एक मी असलो तर माझं काय जाईल? ज्याचं नुसतं वाळत घातलेलं कापड जाणार त्यानं सोडून द्यावं, ज्याचा दोन लाखाचा माल उघड्यावर आहे त्यानं चारातला एक म्हणजे फार मोठा धोका समजावा.

महिन्याच्या मध्याला ती संध्याकाळ आली. मी तिथंच होतो. चार वाजता पूर्वेला ढग, कोबीच्या गड्ड्यासारखे वर वर फुगत चाललेले, वारा एकदम पडलेला, पान हलत नव्हतं, गदगदत होतं नुसतं. मोबाईलवर पुढच्या तीन तासांचा इशारा येऊन पडलेला, त्यात कोल्हापूरचं नाव. आमच्याकडं वीस एक मिनिटं होती. काळा प्लास्टिकचा कागद ओढत आम्ही सात आठजण पळत होतो, कडेला दाबायला विटाच ठेवत होतो, आणि मग वावटळ आली. कागद शिडासारखा फुगला, एका टोकाला मामा लोंबकळतोय, दुसरं टोक मुकादमाच्या हातातून सुटलं आणि कागद थेट उसाच्या शेतात. मग थेंब, मोठे, वास सुटला मातीचा. नंतर गारा. वीज नदीपलीकडं कुठंतरी पडली तेव्हा मी सगळ्यांना ओरडून शेडमध्ये घेतलं, मामा येत नव्हता, त्याला हाताला धरून ओढला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप माझ्याकडं होतं, आपल्या जवळपास 20 ते 40 किलोमीटरमध्ये विजा पडत असल्या की ते दाखवतं, त्यावर तेव्हा आमच्याभोवती नुसते ठिपके होते. मोकळ्या खळ्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे माणूसच. विटा परत पाडता येतात.

पाऊस थांबल्यावर बॅटरी घेऊन गेलो. विटेच्या वर खोलगट भाग असतो ना, ज्यात भट्टीचं नाव उमटवलेलं असतं, तिथं पाणी साठलं होतं. आधी अक्षरं जातात. मामाच्या विटेवर आज्जाच्या नावाची दोन अक्षरं असतात, ती पुसली गेलेली, मग कडा गोल झालेल्या, साबणाची वडी वापरून वापरून होते तशा, आणि खालच्या थरातल्या विटांना वरचं वजन पेललं नाही म्हणून चट्टेच्या चट्टे बसत चाललेले. आवाज येत होता त्याचा, फसकन असा, अंधारात, एकामागून एक. मामा काही बोलला नाही. हातात एक वीट घेतली, अंगठा दाबला, अंगठा पेरापर्यंत आत गेला.

त्या एका संध्याकाळी बारा तेरा हजार गेल्या. उरलेल्या सत्तावीस हजार घाईघाईत भट्टीत रचल्या, त्यातल्या खालच्या जरा ओलसरच होत्या, आणि पेटवली. आणि मग जे आलं त्याला वळीव म्हणता येत नाही. 20 तारखेनंतर कोकण किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात कमी दाब तयार झाला, त्याचं डिप्रेशन झालं, म्हणजे त्या कमी दाबानं आणखी जोर धरला, आणि ते 24 मे ला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात, नेहमीची तारीख 1 जून असताना, 2009 नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. 26 मे ला तो मुंबई पुण्यात पोचला पण. आमच्याकडं दिवस दिवस झड लागलेली, मे महिन्यात. रानात वाफसा नाही म्हणून मशागती अडकल्या, लग्नाचे मांडव पाण्यात, आणि आमच्या भट्टीची पश्चिमेची बाजू विझली. देशाचा मेचा पाऊस शेवटी 126.7 मिमी निघाला, सरासरीच्या दुपटीपेक्षा जास्त, 1901 पासूनच्या नोंदीत सगळ्यात ओला मे. भट्टी उघडली तेव्हा निम्म्या विटा लाल, निम्म्या अर्धवट भाजलेल्या, वाजवून बघितलं तर टणकन आवाज नाही, बद्द. त्या भरावाला कमी दरानं गेल्या.

मग अंदाज चुकला का? गावात सगळे तेच म्हणत होते, मोबाईलवाल्यांनी फसवलं म्हणून. मी तसं म्हणत नाही. एप्रिलच्या अंदाजावर मेचा निर्णय घेतला ही आमची चूक. 30 एप्रिलचा अंदाज पावसाच्या बाजूनं बरोबर होता, फक्त पाऊस त्यांनी सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त झाला. उष्णतेचं म्हणाल तर महाराष्ट्रात मे थंडच गेला, ढग आणि पाऊस एवढे असल्यावर तापणार कसं. एवढ्या आधी कुणीही सांगू शकलं नसतं की 24 तारखेला डिप्रेशन येणार. पण चार पाच दिवस आधी समुद्रातला कमी दाब बुलेटिनमध्ये होता, आणि तेव्हा आम्ही भट्टी अर्धी ओली असताना पेटवली कारण जून लांब आहे असं वाटत होतं.

आता काय बदललं ते सांगतो. मी मामासाठी एक साधी पद्धत लावून दिली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी नवा मासिक अंदाज बघायचा आणि त्यात तापमानाच्या आधी पावसाचं वाक्य वाचायचं. गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज येतो, तो बघून ठरवायचं नवीन माती मळायची का नाही. रोज सकाळी जिल्ह्याचा पाच दिवसांचा, त्यात घाट भागाचा इशारा वेगळा असतो, राधानगरी गगनबावड्याचा ऑरेंज अलर्ट बघून नदीकाठाला घाबरायचं कारण नसतं आणि उलटं पण. आणि दुपारी दोन नंतर तीन तासांचा. त्याच्या वर एक, उघड्यावर एका वेळी दहा हजारापेक्षा जास्त कच्चा माल ठेवायचा नाही, आणि कागदाला कडेनं रिंगा पाडून दोऱ्या बांधून ठेवायच्या, विटांचं वजन ठेवून कागद राहत नाही हे आम्ही बघितलंय.

मजुरीचा प्रश्न राहिला होता. मुकादमाचं म्हणणं, वाहून गेलेल्या विटांची मजुरी अर्धी धरू, रिवाज आहे. मामा पण आधी हो म्हणाला, त्याचंही कंबरडं मोडलेलं. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोललो, कारण जादा हप्ता घ्यायचा हे ठरवताना त्या जोड्यांना कुणी अंदाज वाचून दाखवला नव्हता, त्यांनी वीट पाडून दिली, पुढं ती वाळवायची जबाबदारी आमची. दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी मामी हिशोबाची वही घेऊन बसली आणि जेवढ्या पाडल्या तेवढ्यांचे पूर्ण पैसे उचलीतून वळते करून चारही जोड्यांना गाडीभाडं देऊन पाठवलं, चक्कर आलेल्या काकींचे खाडे धरले नाहीत.

खळ्यावरचा तो चिखल पावसाळाभर तसाच पडून होता, वर गवत उगवलं. दिवाळीनंतर मामानं तीच माती परत फावड्यानं ओढून मळायला घेतली, पहिली वीट पाडली, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेखाली लिहिलं, साचा धुवायचा अक्षय तृतीयेला.